रोट पुरायला जागा

लग्न होऊन मी सासरी गेले ती फिरून फिरून बापाच्याच शेतात येऊन पडले. आमचं गाव जळगावाला चिकटलं, केळीचे बाग एन.ए. झाले, प्लॉट पडले आणि आमच्या ह्यांनी मोठ्या हौसेनं त्यातलाच एक घेतला. माहेर आणि सासर एकाच सातबाऱ्यावर असलेली तालुक्यात मी एकटीच असेन.

संध्याकाळी शेजारणींबरोबर फिरायला निघाले की माझं सुरू होतं. इथं पांद होती, पावसाळ्यात बैलगाडीची चाकं रुतायची. जिम आहे तिथं आमचं खळं. शेजारणी ‘हो का’ म्हणतात आणि टँकर कधी येणार ते विचारतात. त्यांचं तरी काय चुकलं? ज्या विहिरीचं कौतुक मी ऐकवते, ती बुजवूनच आमच्या कॉलनीचा रस्ता झालाय.

जुन्या गावाच्या दोन गल्ल्या कॉलनीच्या मागे उरल्यात. तिथं माझी वहिनी एकटी राहते. भाऊ गेला, पोरगा पुण्यात नोकरीला. शेजारच्या घरात आबा, माझे धाकटे चुलते. श्रावणात कानबाई, आमच्या कुळाची देवी, बसते ती वहिनीच्याच घरी. कुळातल्या प्रत्येक जित्या पुरुषामागे एक माप गहू काढायचा, तो दळून रोट करायचे, आणि ते कुळातल्यांनीच पुनवेच्या आत संपवायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत. दिल्या घरी गेलेल्या लेकीलाही नाही. उरले तर मातीत पुरायचे. पूर्वी उरायचा प्रश्नच नव्हता, भाऊबंद पंगतीला भांडायचे.

यंदा वहिनीला एवढंच हवं होतं, की पोरानं यावं आणि आपल्या वाटचा रोट खावा. तीन श्रावण तो आलेला नव्हता. या वेळी ‘बघतो’ म्हणाला होता आणि वहिनीनं ते ‘येतो’ असं धरलं होतं.

गहू काढायला बसलो. आबांनी एकेक नाव घ्यायचं, वहिनीनं माप टाकायचं. नावं संपेनात. कोणी सुरतेला, कोणी नाशकात, एक तर थेट दुबईत. सुपात ढीग झाला. मला कुठं गप्प बसवतंय? म्हटलं, “वहिनी, येणाऱ्यांचंच धर ना.”

तिनं माप हातात तसंच धरून माझ्याकडे पाहिलं. “जित्ता माणूसनं माप कोनी कमी करस का, ताई?”

भाऊ गेला त्या वर्षी त्याचं माप कमी करताना मी तिथंच होते. मी सूप पाखडायला घेतलं.

रविवारी कानबाई बसली. दोघं चुलतभाऊ मोटारसायकलवर आले, गंगाफळाच्या भाजीशी एकेक रोट खाल्ला आणि गेले. त्यातल्या एकाला डॉक्टरनं गहू बंद केलाय, त्यानं अर्धाच खाल्ला. पोराचा व्हिडिओ कॉल आला. रजा मिळाली नाही. “आई, माझ्या वाटचं तुम्हीच खाऊन घ्या,” तो म्हणाला. वहिनीनं फोन कानबाईसमोर धरला, त्याला दर्शन दिलं आणि जेवलास का म्हणून विचारलं.

पुढचे दिवस वहिनी आणि आबा, दोघंच खात होते. आबांना दात चारच, ते रोट दुधात भिजवून बसायचे. मी रोज जायची आणि टोपल्याकडे बघत बसायची. आबा म्हणाले, “हिले दी टाक. टोपलंसुद्धा खाई जाई ही.” माझा आकार पाहता ते काही खोटं नव्हतं. वहिनी हसली, पण टोपलं तिनं उचलून आत ठेवलं.

पुनवेच्या दिवशी सकाळी टोपलं अर्धं भरलेलंच होतं.

आता पुरायचे कुठं? वहिनीच्या गल्लीत काँक्रीट. मागचा खळवाडा विकलेला. कॉलनीच्या बागेत हिरवळ आणि वॉचमन. एके काळी ज्या घराच्या शेतात पायाला चिखल नको म्हणून आम्ही बांधावरून चालायचो, त्या घराला हातभर माती सापडेना. शेवटी माझ्या कंपाउंडलगतची कढीपत्त्याची पट्टी आठवली. बाकी सगळ्या अंगणात ब्लॉक बसवलेत, माझ्याच हट्टानं.

मी खणायला घेतलं. आधी मुरूम, मग विटांचे तुकडे, फरशीचे तुकडे. खूप खाली काळी लागली. आबा खुर्चीवर बसून बघत होते. मला धाप लागली तेव्हा वहिनीनं फावडं घेतलं.

शेजारीण गच्चीतून वाकली. “काय लावताय?”

“काही नही, माय,” वहिनी म्हणाली.

तिनं रोट एकेक करून आत ठेवले, जपून. माती लोटली. ती पायानं दाबून बसवताना, वर न बघताच बोलली.

“आबा, पुढला साले मना पोऱ्यानं नाव लेऊ नका.”

आबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. वहिनीनं पदराला हात पुसले.

“ताई,” ती म्हणाली, “चहा ठेव.”