शालनताईंची पट्टी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. विलासला अर्धं ठाऊक होतं, पण ते त्याच्या लक्षातही नसेल. तुम्हाला सांगतो — कुठून सुरू करू?

शालनताईंपासूनच करतो. नव्वदच्या दशकात मी वाशीतल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होतो, नेरूळला विलासबरोबर भाड्यानं राहायचो. आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर शालनताई. साताऱ्याकडच्या. नवरा मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर, आणि या घरी डबे करायच्या — आमच्यासारख्या एकट्या पोरांचे. कुणाला ताप आला तर न सांगता मऊ खिचडी यायची. सोसायटीत रक्तदान शिबिर झालं, तेव्हा बायकांमधून पहिल्या त्याच कॉटवर झोपल्या. मला कौतुक वाटलं होतं — खरंच वाटलं होतं.

काही दिवसांनी ब्लड बँकेकडून आमच्याकडे एक नमुना आला. एचआयव्हीची साधी चाचणी पॉझिटिव्ह, खात्रीसाठी वेस्टर्न ब्लॉट करा. नळीवर त्यांचं नाव.

साधी चाचणी कधीकधी उगाच 'हो' म्हणते. म्हणून ब्लॉट. विषाणूची प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करून एका अरुंद पांढऱ्या पट्टीवर बसवलेली असतात. तिच्यावर माणसाचं सीरम, म्हणजे रक्तातलं वरचं स्वच्छ पाणी, सोडायचं. त्यात विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडी असतील तर त्या आपापल्या प्रथिनाला जाऊन चिकटतात, आणि शेवटी रंग घातला की जांभळ्या रेघा उमटतात. फार देखणं काम. पण पट्ट्या महाग. पुरेसे नमुने जमेपर्यंत थांबावं लागायचं.

मी थांबलो का? — नाही. त्याच संध्याकाळी डबा बंद केला. जेवणातून हा रोग पसरत नाही, हे मला माहीत नव्हतं? लॅबच्या भिंतीवर तसा तक्ता होता, मीच चिकटवलेला. विलासनं विचारलं, "का रे?" आणि मी — सांगून टाकलं.

बघता बघता सगळे डबे बंद झाले. जिन्यात बायका त्यांच्यापासून अंग चोरून जायला लागल्या.

मग ब्लॉट झाला. मीच केला. रंग घातला आणि ट्रेपाशी उभा राहिलो. सीरम घातलंय एवढंच सांगणारी वरची रेघ आली. खाली पट्टी कोरी. काहीही झालेलं नव्हतं त्यांना.

रिपोर्ट मिळाल्यावर त्या मला जिन्यात भेटल्या. "दादा, तुमी लॅबातलं. लोकास्नी जरा समजावून सांगा की. तुमचं ऐकतील."

मी काय म्हणालो असेन? — "ताई, आम्हाला कुणाच्या रिपोर्टबद्दल बोलता येत नाही. नियम आहे."

नियम! मी!

"आसंल बाबा," त्या म्हणाल्या. रागावल्यासुद्धा नाहीत.

पुढच्या सोसायटी मीटिंगला त्या स्वतःच उभ्या राहिल्या. कागद सगळ्यांसमोर धरला. "हा माझा रिपोर्ट. मला कायबी झालेलं न्हाई. ज्याला वाचायचाय त्यानं वाचा. ज्याला डबा पायजे त्यानं सांगा." एवढंच. असं धैर्य मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. कागद हातोहात फिरत माझ्यापाशी आला. सेक्रेटरी म्हणाले, "तू लॅबवाला ना? बघ रे, खरा आहे का."

माझ्याच हातानं केलेली चाचणी. मी वाचल्यासारखं केलं. म्हणालो, "दिसतोय तर बरोबर."

दिसतोय तर — तेवढंच निघालं तोंडातून. 'हे माझ्यापासून सुरू झालं,' असं म्हणायला काय लागलं असतं? मी कागद पुढे दिला.

हळूहळू डबे सुरू झाले. सगळे नाही. माझा झाला. पहिल्या दिवशी शालनताई स्वतः वर आल्या. "दादा, चार लोकांत तुमी बोललासा, म्हणून माझं काम परत उभं राह्यलं. इसरायची न्हाई मी."

मी म्हणालो, "त्यात काय एवढं, ताई."

आणि नेरूळ सोडेपर्यंत त्यांच्याच हातचं जेवत राहिलो.