गाडीमागचा पक्षी

कुवेतमध्ये, शुवैखच्या गॅरेजांच्या गल्लीत नूरुद्दीन परकारचा कान प्रसिद्ध होता. माणूस त्यामानाने कमी. "तो दाभोळवाला, ज्याला ऐकू येतं" एवढं सांगितलं तरी टॅक्सीवाले नेमके त्याच्या शटरसमोर आणून सोडत. सत्तावीस वर्षं तो तिथे गाड्या ऐकत होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मुठीला कान लावायचा, डोळे मिटायचे. मग डोळे उघडून तो बिघाडाचं नाव सांगे. इतर गॅरेजांत कॉम्प्युटर आले, त्यांनीही बहुधा तेच नाव सांगितलं, फक्त अर्ध्या तासाने आणि छापील.

गेली दोन वर्षं मात्र त्याने स्क्रूड्रायव्हर सोडून दिला होता आणि बॉनेटवर नुसता तळहात ठेवून तो बिघाड ओळखू लागला होता. गिऱ्हाईकांना वाटलं, उस्ताद आता कानाच्याही पलीकडे गेला. एका अर्थी ते खरंच होतं. कॉम्प्रेसरच्या शेजारी सत्तावीस वर्षं काढलेल्या त्या कानांनी बारीक आवाज एकेक करून सोडून दिले होते. आधी वॉशिंग मशीनचा, मग मोबाइलचा. गेल्या मार्चमध्ये रिव्हर्स घेणारी एक जीप टिंटिं करत त्याच्या पोटापर्यंत आली, तेव्हा त्याला कळलं की तोही आवाज गेला. बदल्यात एक आवाज नवा आला होता, घूं असा, अधूनमधून. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या कानावर पगार होता, पगारावर त्याचा इकामा, म्हणजे रहिवासी परवाना, आणि त्या इकाम्यावर बायकोचा, रबियाचा, इथे राहण्याचा परवाना. अशी उतरंड असली की माणूस तळाच्या मडक्याला हात लावत नाही.

मुलगी मुनिरा अॅडलेडला नर्स होती. जुलैत तिने आणि तिच्या नवऱ्याने, हारूनने, ऑस्ट्रेलियाच्या पोटातून तीन हजार किलोमीटरची सफर काढली. गाडी फोर-व्हील, वापरलेली, अडीच लाख किलोमीटर झालेली. हा आकडा ऐकल्यापासून नूरुद्दीनची झोप उडाली होती. वाळवंट त्याला नवं नव्हतं. सुलैबियाच्या पलीकडे वाळूत रुतून बसलेल्या अनेक गाड्या त्याने ओढून आणल्या होत्या. पण कुवेतचं वाळवंट तासाभरात संपतं आणि सीमेवर निदान एक पोलिस भेटतो. मुनिराने नकाशा पाठवला, त्यात दोन गावांमध्ये दोनशे किलोमीटर होते आणि त्या दोनशे किलोमीटरमध्ये नकाशा काढणाऱ्यालाही लिहायला काही सापडलं नव्हतं.

मुनिरा रोज व्हॉइस नोट पाठवायची. तीन डबे ओढणारा ट्रक कसा समोरून आला आणि गाडी कशी हलली. एमू कसा बाजूने पळत राहिला, शर्यत लावल्यासारखा. रबिया स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून ते चार-चारदा ऐके. नूरुद्दीनही ऐके, पण मुनिराच्या आवाजामागचं. आणि दुसऱ्याच दिवशी त्याला ते ऐकू आलं : घूं. चाकाचं बेअरिंग.

त्याने फोन केला. पोर्ट ऑगस्टाला त्यांनी चाकं उतरवून घेतली. अर्धा दिवस आणि दोनशे डॉलर गेले. मेकॅनिक म्हणाला, बेअरिंग माझ्यापेक्षा धडधाकट आहे.

"अब्बा," मुनिरा म्हणाली, "रेडिएटर झाला, टायर झाले, आता बेअरिंग. मला ही सफर आयुष्यात एकदाच करायची आहे. संपेपर्यंत गाडीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. वचन द्या."

"पण मी..."

"वचन."

त्याने दिलं. पाठीमागून रबिया म्हणाली, "बरं झालं. एमूला तरी सुखाने पळू दे."

चौथ्या दिवशी सकाळी सातला तो गॅरेजचं शटर वर करत होता. बाहेर एव्हाना चाळीस डिग्री होतं. एकदम तीन व्हॉइस नोट आल्या. कालपासून नेटवर्क नव्हतं, आता विल्यम क्रीक नावाच्या डझनभर माणसांच्या गावात हॉटेलचं वायफाय मिळालं होतं. तिथे दुपारचे दीड वाजले होते. खाली मुनिराने लिहिलं होतं : दोनला छोट्या विमानातून मिठाचं सरोवर बघायला जातोय दोघं, साडेतीनला गाडी काढू, अंधाराआधी कूबर पेडी. रस्ता कच्चा, एकशे सहासष्ट किलोमीटर, नेटवर्क नाही. काळजी नको.

"काळजी नको" हे दोन शब्द काळजी लावण्यासाठीच बनवले गेले असावेत.

पहिल्या नोटमध्ये गाडी चालू होती. शेपटीवर उभी केलेली दोन विमानं त्यांना रस्त्याकडेला दिसली होती, कुणी शौकिनाने पुरलेली. मागे घूं होतं. दुसऱ्या नोटमध्ये मुनिरा एका मशिदीत बसून हळू आवाजात बोलत होती. मरी नावाच्या गावी जुन्या उंटवाल्यांची मशीद होती, मूळची पडली म्हणून तिच्यासारखी पुन्हा उभारलेली, लाकडाचे खांब, वर गवताचं छप्पर, भिंती नाहीतच म्हटलं तरी चालेल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते लोक घरदार सोडून इतक्या लांब उंट हाकायला आले होते. "अब्बा, मी इथे दोन रकात नमाज पढले. तुमची फार आठवण आली. तुम्हीही असेच आलात ना कुवेतला?"

मागे घूं होतं.

नूरुद्दीनने ती नोट पुन्हा लावली. मग पुन्हा. मशिदीत गाडी नव्हती. इंजिन बंद होतं. वाऱ्याचा आवाजसुद्धा नव्हता. त्याने नोट थांबवून फोन बाकावर ठेवला. घूं चालूच राहिलं.

तो टायरच्या चळतीवर बसला. पोर्ट ऑगस्टाला उतरवायला हवा होता तो त्याचा कान, चाक नव्हे. तळाच्या मडक्याला त्याने स्वतःच हात लावला होता आणि ते तडकलेलं निघालं होतं. आता किती महिने? मालकाला कळलं की... त्याने पुढचा विचार केला नाही. म्हणजे केला, पण तोच तो पुन्हा पुन्हा.

तिसरी नोट त्याने सवयीने लावली. मुनिरा हसत सांगत होती : "ही गंमत ऐका. इथला एक पक्षी आमच्या मागेच लागलाय. रोज गाडी सुटली की चिवचिव सुरू, वेग वाढला की मागे पडतो. हारून म्हणतो, आपलं जमलंय त्याच्याशी. थांबा, आता ओरडेल, हा ऐका!" मग सात सेकंद काहीच नव्हतं. मग दोघांचं हसणं.

"काय गोड पोरगी आहे तुझी," मागून आवाज आला.

जयप्रकाश दातार शटरमध्ये उभे होते, हातात रुमाल, कपाळावर घाम. मूळचे नाशिकचे, राहायला अबू हलीफाला. पेट्रोकेमिकल कंपनीत पंपांची थरथर मोजण्यात त्यांनी तीस वर्षं घालवली होती आणि दर आठवड्याला गाडीत नसलेला बिघाड दाखवायला ते इथे येत. बिघाड निमित्त, मराठी बोलणं मुख्य.

"नूरभाई, परत लाव जरा ती नोट."

"कशाला, साहेब? त्यात काही नाही. पोरगी पक्षी ऐकवते आणि पक्षी ओरडत नाही."

"ओरडत नाही? अरे, कानठळ्या बसतात इतका ओरडतोय!"

नूरुद्दीनने नोट लावली. "हा ऐका!" आणि सात सेकंद शांतता. त्याने जयप्रकाशांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांची मान हलत होती. ठेका धरल्यासारखी, आधी हळू, मग जलद.

"हा पक्षी नाही," जयप्रकाश म्हणाले. "गाडीच्या वेगाबरोबर वेग वाढवणारा पक्षी मी तरी पाहिला नाही. तुला काय वाटतं?"

"मला..." नूरुद्दीनने घाम पुसला. गल्लीत कुणीतरी हातोडा मारत होतं, ते त्याला स्वच्छ ऐकू आलं. "साहेब, मला तो ऐकू येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. दोन वर्षं झाली. बारीक काही ऐकू येत नाही. आणि जे नाही, ते ऐकू येतं."

जयप्रकाशांनी त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे गेल्या वर्षी माझ्या गाडीवर नुसता हात ठेवून तू आठ दिनारांचा बेल्ट बदललास, तो..."

"तो खरंच गेला होता. हाताला कळतं, साहेब."

"बरं. नंतर भांडू." ते बाकावर बसले. "मी ऐकतो, तू सांग. चिक्, चिक्, चिक्. गाडी सुटताना सुटा सुटा. मग जवळ जवळ. मग टायरच्या आवाजात बुडतो."

"एका ठेक्यात? मधे चुकत नाही?"

"घड्याळासारखा."

"ब्रेक मारल्यावर?"

"ब्रेक मारलेला नाही. शेवटी गाडी हळू होते, तेव्हा परत येतो. आणि सगळ्यात शेवटी... थांब." त्यांनी फोन कानाला लावला. "थांबताना एक खट् आहे. खालून."

नूरुद्दीन उठला. खट् कसा असतो हे त्याला कानाशिवाय माहीत होतं. "यूजे क्रॉस," तो म्हणाला. "मागची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा. ग्रीस संपलंय, बेअरिंगच्या आतल्या सुया कोरड्या पडल्यात. त्या रस्त्यावर तासभर आदळला की तुटेल. शाफ्ट खाली पडेल. मागच्या बाजूला पडला तर गाडी थांबेल."

"आणि पुढच्या बाजूला?"

सुलैबियाच्या पुढे नूरुद्दीनने अशी एक गाडी पाहिली होती. शाफ्टचं पुढचं टोक जमिनीत रुतलं होतं आणि गाडी त्यावर उडी मारल्यासारखी उलटली होती.

सव्वाआठ वाजले होते. त्याने फोन लावला. वाजत राहिला. दोघं विमानात होती, मिठाच्या वर. साडेआठला उतरतील, नऊला निघतील. त्या अर्ध्या तासात मुनिराने फोन पाहिला, तरी त्यावर बापाचं नाव आणि गाडीचा विषय दिसला की ती हसून फोन खिशात टाकेल. चौथ्यांदा ओरडणाऱ्याचं कोण ऐकतं?

"वचन दिलंय मी," तो म्हणाला.

"मोड."

"मोडीन. पण ती विश्वास का ठेवेल? बेअरिंगही मीच सांगितलं होतं."

जयप्रकाशांनी फोनकडे बोट केलं. त्याने रेकॉर्डिंगचं बटण दाबून धरलं. शेजारच्या शटरमधला अरुणकुमार, वायरिंगवाला, चहा घेऊन आत आला होता. तो थांबला. त्याला मराठी थोडंफार कळत असे, नको तेव्हा जरा जास्त.

"मुनिरा, अब्बा बोलतोय. बेटा, बेअरिंग कधीच खराब नव्हतं. तो आवाज माझ्या कानात होता. माझे कान गेलेत, दोन वर्षं झाली, तुझ्या अम्मीलाही ठाऊक नाही. म्हणून तुझा पक्षी मला ऐकू आला नाही. तो दातारसाहेबांनी ऐकला. तो पक्षी नाही, तो गाडीत आहे. गाडी हलवू नको. हारूनला सांग, चाकांना दगड लावायचे, गिअर न्यूट्रल, खाली जाऊन सांध्यावर गंज दिसतो का बघायचं, मग मागचा शाफ्ट दोन्ही हातांनी पिळायचा. खट् झालं तर मला कळवा. नाही झालं, तर मी मेल्यावरही गाडीबद्दल बोलणार नाही."

त्याने बोट उचललं. अरुणकुमारने चहा ठेवला आणि लगबगीने गेला. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळणार हे नक्की होतं.

आठ चाळीस. एक राखाडी खूण. आठ पन्नास. दोन. जयप्रकाशांनी तिसऱ्यांदा विचारलं, "नऊ म्हणजे तिकडे साडेतीनच ना?" नूरुद्दीन बॉनेटवर हात ठेवून उभा होता. गाडी बंद होती. आठ सत्तावन्नला खुणा निळ्या झाल्या आणि मग काहीच झालं नाही, पंधरा मिनिटं.

नऊ बाराला हारूनने फोटो पाठवला. गाडीचं पोट, लाल धूळ. खाली लिहिलं होतं : अब्बा, गंज दिसतो का बघायचा ना? इथे सगळा देशच गंजाच्या रंगाचा आहे.

मग एक व्हॉइस नोट, दोन सेकंदांची.

खट्.

हा त्याला ऐकू आला.

रात्री कांगारू आडवे येतात, म्हणून त्याने त्यांना तिथेच थांबवलं. फोनवर एकेक बोल्ट सांगत मागचा शाफ्ट उतरवून घेतला. पुढच्या शाफ्टचे क्रॉस हाताने तपासून घेतले. मग म्हणाला, फोर-व्हीलवर टाका, आता गाडी पुढच्या चाकांवर चालेल, चाळीस-पन्नासच्या वर जाऊ नका. हे सगळं सांगताना त्याचा आवाज शांत होता. घरी रबियाला सांगताना नव्हता. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "म्हणून मी हाक मारली की तुम्ही ओ देत नव्हतात. मला वाटलं, रागावलात."

"दोन वर्षं?"

"माणसं रागावतात दोन-दोन वर्षं."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला फजरची नमाज झाली, तेव्हा मुलं विल्यम क्रीकहून निघाली होती. साडेतीन तास, म्हणजे इथल्या सातला पोचायला हवीत. त्यानेच त्यांना पाठवलं होतं, स्वतःच्या सल्ल्याने, मागचा शाफ्ट काढलेल्या तीन चतुर्थांश गाडीवर. सात वाजता तो शटर उघडून बसला. सव्वासातला जयप्रकाश आले, म्हणाले एसीतून पाणी गळतंय. गळत नव्हतं. साडेसात झाले. पुढच्या शाफ्टचा एक बोल्ट त्याने सांगितला होता का? सांगितला होता. हारूनने आवळला होता का?

सात पन्नासला मुनिराने लिहिलं : पोचलो. एक काटेरी सरडा रस्ता ओलांडत होता, त्याला वेळ लागला.

कूबर पेडीला क्रॉस बदलला. मेकॅनिकने जुन्या सुया हातात दिल्या, त्यांची लाल भुकटी झाली होती. संध्याकाळी नूरुद्दीन आणि रबिया मशिदीची नोट ऐकत बसली. तो पहिल्यांदाच मुलीचं ऐकत होता. घूं होतंच, पण ते आता कुणाचं हे ठाऊक होतं. "तुम्हीही असेच आलात ना कुवेतला?" यावर रबियाने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने छताकडे.

कानाच्या तपासणीची तारीख पुढच्या गुरुवारची मिळाली. मालकाने अजून काही विचारलेलं नाही, पण गल्लीने तोंड बंद ठेवलं, असा याचा अर्थ नूरुद्दीन लावत नाही.

त्याच आठवड्यात मुनिराची शेवटची नोट आली. गाडी सुटतानाची, नवा क्रॉस घातलेली, सात सेकंद, मुद्दाम कुणीही न बोलता. नूरुद्दीनने फोन जयप्रकाशांपुढे धरला.

"आहे का पक्षी?"

जयप्रकाशांनी डोळे मिटून ऐकलं. "नाही."

"नक्की?"

"नक्की. काही नाही."

नूरुद्दीनने नोट पुन्हा लावली आणि सातही सेकंद कान देऊन ऐकलं. "हां," तो म्हणाला, "मलाही तेच ऐकू येतं."