बिनदोराचा कप्तान

खरं सांगायचं तर आचाऱ्याला कप्तानाविषयी फारसं काही माहीत नव्हतं. इतकी वर्षं दोघांनी एकाच टगवर, म्हणजे दुसऱ्या जहाजांना ओढणाऱ्या बोटीवर, काढली, एकाच टेबलावर जेवले, एकाच नळावर तोंडं धुतली. पण माणूस कसा होता असं कुणी विचारलं असतं, तर आचाऱ्याने नुसतं डोकं खाजवलं असतं. कप्तान बिनसाखरेचा चहा पितो, एवढं माहीत होतं. तेही प्यायचा म्हणणं चूकच. पेला सुकाणूच्या चाकासमोरच्या फळीवर ठेवून घ्यायचा, त्याच्याकडे टक लावून बघत राहायचा आणि पार निवल्यावर एका दमात संपवायचा. आपल्या चहात काही खोट आहे की काय, म्हणून आचाऱ्याने पत्ती बदलून पाहिली, दूध कमी करून पाहिलं. विचारायची हिंमत मात्र कधी झाली नाही.

दोराची गोष्टही त्याला कप्तानाकडून नाही, इंजिनवाल्या मिस्त्रीकडून कळली. बार्जला स्वतःचं इंजिन नसतं. ती म्हणजे तरंगतं कोठार. टग पुढे, त्याच्यामागे लांबच लांब दोर आणि दोराच्या टोकाला बार्ज, अशी ती ओढून न्यायची पद्धत. लाट मोठी असली की दोर घटकेत सैल, घटकेत ताठ. असाच एकदा ताठ झालेला दोर तुटला आणि चाबकासारखा फिरला. कप्तानाचा मेहुणा तिथेच उभा होता. जीव वाचला, पाय गेला. आणि मेहुण्याला टगवर चिकटवलं होतं ते कप्तानानेच.

"बायको घरात एक शब्द बोलली नाही म्हणे," मिस्त्री म्हणाला. "भांडली असती तर बरं झालं असतं बिचाऱ्याला."

तेव्हापासून कप्तान मालकाच्या मागे हात धुऊन लागला होता. कुठल्याशा बंदरात त्याने नवी तऱ्हा पाहिली होती. तिथे बार्जच्या मागच्या बाजूला टगचं नाक मावेल एवढी खाच ठेवलेली असते. टगने ओढायचंच नाही. त्या खाचेत शिरून मागून ढकलायचं. टगच्या नाकाच्या दोन्ही अंगांनी मांडीएवढे जाड पोलादी खुंटे बाहेर येतात आणि खाचेच्या भिंतींवर वरपासून खालपर्यंत बसवलेल्या दात्यांमध्ये रुततात. मग दोघं मिळून एकच जहाज. बिजागरीवर पेटीचं झाकण हलावं तसा टग त्या खुंट्यांवर नाक खालीवर करू शकतो, पण निसटत नाही. मधे दोर नाही, दोराजवळ माणूस नाही.

मालकाने शेवटी हात टेकले. खुंटे बसले. टगवरचे लोक त्यांना लगेच 'हात' म्हणू लागले आणि शेजारच्या टगवाल्यांना आयता विषय मिळाला.

"काय हो कप्तान, या वयात मिठी मारायची हौस?"

मालकाने तर सगळ्यांदेखत बजावलं होतं, "हा हंगाम बघतो. काही घोळ झाला तर खुंटे कापून काढीन आणि पुन्हा दोर लावीन."

"दोर चढला की मी उतरलो," कप्तान म्हणाला. आचाऱ्याने त्याच्या तोंडून ऐकलेलं तेवढंच एक ठणकावून बोलणं.

आणि पहिल्याच खेपेला घोळ झाला, तोही खुद्द कप्तानाच्या हातून.

बार्ज रिकामी होती, पाण्यावर उंच. कप्तानाने टग खाचेत घातला, दोन्ही हात दात्यांत बसवले आणि नव्या खेळण्याकडे पोराने बघावं तसा बघत राहिला. तिकडे धक्क्यावरून बार्जमध्ये डिझेल भरायला सुरुवात झाली. भरताना हात सोडवून घ्यायला हवे होते, कारण बार्ज जसजशी भरते तसतशी खाली बसते. दोराच्या सवयीच्या माणसाला हे सुचलंच नाही. दोराला काय, बार्ज वर असो नाहीतर खाली.

इकडे स्वयंपाकघरात आचाऱ्याचे बटाटे टोपलीतून उतरून पुढच्या भिंतीकडे निघाले. पळ्या खिळ्यांवर तिरक्या लटकल्या. आपल्यालाच चक्कर येतेय असं वाटून तो खाली बसला, तर बसल्या जागेवरून तोही बटाट्यांच्या मागे घसरला. बाहेर येऊन पाहतो तर बार्जने टगचं नाक धरून खाली दाबलेलं, मागची बाजू वर उचललेली आणि धक्काभर माणसं पोट धरून हसतायत.

"कप्तान, तुमचा टग पाणी प्यायला वाकलाय का?"

भाराखाली हात असे आवळले होते की आत येईनात. भरलेलं डिझेल थोडं परत काढून घ्यावं लागलं, तेव्हा कुठे ते सुटले. कप्तान सगळा वेळ डेकवर उभा होता, कान लाल झालेले. आचाऱ्याला त्याच्याकडे बघवेना. तो आत जाऊन बटाटे वेचत बसला.

मालकाने आरडाओरडा केला नाही. पुढच्या खेपेला त्याने पुतण्याला पाठवून दिलं आणि पुतण्याबरोबर नव्या कोऱ्या दोराचं भलं मोठं वेटोळं. ते मागच्या डेकवर येऊन पडलं. कप्तान त्याला वळसा घालून जायचा, जसं कुणी झोपलेल्या कुत्र्याला घालतं.

खेप बेटाची होती. बेटाला धक्का नव्हता. उघड्या समुद्रात बोयाला, म्हणजे नांगरून ठेवलेल्या तरंगत्या पिंपाला, बार्ज बांधायची, नळीने डिझेल किनाऱ्यावर सोडायचं. या वेळी कप्तानाने आधी हात सोडवले, टग मागे घेतला आणि मगच नळी उघडू दिली. बार्ज हलकी होत वर आली. इथवर सगळं ठीक. पण आता खालच्या दात्यांत पुन्हा हात घालायचे होते आणि तोवर समुद्र उठला होता. बार्ज आपल्या तालावर वरखाली, टग आपल्या तालावर.

पहिल्यांदा टगचं नाक खाचेच्या कडेवर असं आदळलं की आचाऱ्याची भांडी एकसाथ बोंबलली. दुसऱ्यांदा एक हात बसला, दुसरा हुकला. मिस्त्रीने घाईने दोन्ही आत ओढले. वारा वाढत चालला होता. बार्ज बोयावर फार वेळ राहणं शक्य नव्हतं.

पुतण्या वर आला. तो काही वाईट मुलगा नव्हता, फक्त पांढराफटक पडला होता.

"कप्तान, पुरे आता. काकांना मी सांगतो. दोर टाकू या."

"दोर टाकायला डेकवर कोण जाणार?" कप्तानाने विचारलं.

"खलाशी जातील ना."

"ह्या लाटेत?"

कप्तानाने मागे वळून हाक मारली, "आचारी! चहा आणा."

"आत्ता?" आचाऱ्याच्या तोंडून निघून गेलं.

"आत्ताच. काठोकाठ भरून."

म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं मनात म्हणत आचाऱ्याने चहा ओतला आणि निम्मा मनगटावर सांडत वर नेला. पुतण्या तोंडाचा आ करून बघत होता. कप्तानाने पेला फळीवर ठेवून घेतला, वरून पुन्हा काठोकाठ भरायला लावला आणि हलकेच टग खाचेच्या तोंडाशी नेला.

तेव्हा पहिल्यांदा आचारी त्या पेल्याकडे कप्तानाच्या नजरेने बघू लागला. टगने नाक उचललं की चहा मागच्या काठाला चढे, नाक पडलं की पुढच्या. दोन्हींच्या मधे पापणी लवेल एवढा वेळ तो सपाट असे. म्हणजे टग त्या क्षणी ना वर, ना खाली. कप्तान एकदा चहाकडे बघत होता, एकदा बार्जच्या दात्यांशेजारी रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांकडे. चहा सपाट झाला, पण बार्ज वर निघाली होती. त्याने जाऊ दिलं. पुन्हा सपाट झाला, बार्ज खाली कोसळत होती. तेही जाऊ दिलं. घेत का नाही हा माणूस?

मग एक मोठी लाट दोघांच्याही खालून निघून गेली आणि तिच्यामागे पाणी क्षणभर दमल्यासारखं झालं. चहा सपाट. पांढरी पट्टी अगदी समोर.

"हात!"

मिस्त्रीने कळ दाबली. दोन्ही बाजूंनी एकच दणका बसला, आचाऱ्याच्या दाढांपर्यंत पोचला. पुढची लाट आली. बार्ज उठली, आणि तिच्याबरोबर टग उठला. बार्ज बसली, टग बसला. नाक हलत होतं, सुटत नव्हतं.

मिस्त्रीने अशी आरोळी ठोकली की खाली खलाशांनीही, काय झालं ते न बघताच, ठोकली. पुतण्या मटकन बसला आणि हसायला लागला. नंतर तो स्वतः उठून मागे गेला आणि त्या दोराच्या वेटोळ्यावर ताडपत्री घालून आला.

कप्तानाने पेला उचलला. चहा अजून गरम होता.

"चहा चांगला करता तुम्ही," तो म्हणाला.

एवढ्या वर्षांची धाकधूक एका वाक्यात संपली. आचारी खाली जाऊन, कुणी बघत नाही असं पाहून, एकटाच हसला.

बातमी त्यांच्याआधी घरी पोचली होती. बंदरात शिरताना शेजारच्या टगांनी भोंगे वाजवले. चिडवणाऱ्यांनी सगळ्यात जास्त. धक्क्यावर कप्तानाची बायको उभी होती आणि तिच्या बाजूला कुबडी घेऊन तिचा भाऊ.

कप्तान खाली उतरला. सरळ मेहुण्यापुढे जाऊन उभा राहिला.

"दोराला कुणी बोटसुद्धा लावलं नाही," तो म्हणाला.

मेहुण्याने मान डोलावली. मग म्हणाला, "भाऊजी, त्या हातांची कळ दाबायला काय लागतं?"

"म्हणजे?"

"पाय लागतात का?"

कप्तानाच्या चेहऱ्यावर काय झालं ते आचाऱ्याला नीट दिसलं नाही, कारण त्याने तोंड फिरवलं होतं. पण बायकोचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "आता बघताय काय? घ्या की त्याला. घरात बसून माझं डोकं खातोय!" आणि ती हसली, मोठ्याने, चारचौघांत.

पुढच्या खेपेपासून मेहुणा कप्तानाशेजारी उंच स्टुलावर बसू लागला. कप्तान "हात!" म्हणायचा आणि तो कळ दाबायचा. मालकाने दुसऱ्या टगला हात बसवले, मग तिसऱ्याला. नवं दोराचं वेटोळं कुणी कधी उलगडलंच नाही. त्यावर खलाशी कपडे वाळत घालत.

कप्तान निवृत्त होऊन घरी गेला आणि तिथेच, काही वर्षांनी, झोपेत गेला. आचाऱ्याला ते मेहुण्याकडून कळलं. शेवटची भेट कोणती, हे आठवायला त्याला वेळ लागला नाही. निवृत्तीच्या दिवशी कप्तान पिशवी घेऊन निघाला होता आणि आचाऱ्याने शेवटचा चहा आणून दिला होता. बोलायला पुष्कळ होतं, असं आचाऱ्याला वाटत होतं. सुचत काही नव्हतं.

"उद्या नवा कप्तान येतोय," कप्तान म्हणाला. "त्याला साखर लागते का, विचारून घ्या."

"विचारतो."

"आणि आज पेला इतका का भरलाय?"

"सवयीने."

"बरं," कप्तान म्हणाला, आणि चहा गरम असतानाच प्यायला.