बुरशीची लेन्स आणि मंदाचा फोटो

“नव्यानं नको जी. त्या जुन्या कॅमेऱ्यानंच काढा,” किसनराव स्टुडिओत शिरता शिरताच म्हणाले. ते तलमडुगूचे कापसाचे शेतकरी. मागं त्यांची पोरगी मंदा, उटनूरला ऑफिसात क्लार्क. स्थळांना पाठवायला फोटो पाहिजे होता.

आदिलाबादेत माझा स्टुडिओ आहे. जुना कॅमेरा महागाचा, हौसेनं घेतलेला. बॉडी अजून ठणठणीत. पण लेन्सला, म्हणजे पुढच्या काचेला, एका पावसाळ्यात फंगस लागली. काचेच्या आत बारीक बुरशी धरते आणि फोटो दुधाळ येतो. डाग, वण सगळे पुसट. धंद्यात अशी लेन्स बाद समजतात. माझ्या गिऱ्हाइकांत मात्र तेव्हापासूनच तिला मागणी आली. या कॅमेऱ्यानं फोटो काढला की लग्न जमतं, असा बोभाटा झाला. बुरशी समजावून सांगता सांगता मी थकलो.

“मोठीचं याच्यावरच जमलं. पायगुण हाय त्याचा,” किसनराव म्हणाले.

मंदाच्या गालावर लहानपणी भाजल्याचा वण आहे. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “काका, नव्यानं काढा.”

“काऊन वं?” बाप तडकला.

“मागं या जुन्यानं काढलेल्या फोटोवर लोक येऊन राह्यले, मले पाहून राह्यले अन् पोहे खाऊन चालले. आता मले पोह्याचा वासच सहन होत नाई, बाबा.”

मला फार वाईट वाटलं. नव्यानं काढला. वण स्वच्छ आला.

मग स्थळांचे फोन बंद झाले. किसनराव बाजारात भेटले की तोंड फिरवायचे. एकदा दुकानात येऊनच बोलले, “तुमच्या मशीननं पोरगी घरी बसवली!” माझीही झोप उडाली होती.

पुढं मुधोळचा एक तरुण मास्तर मुलगी पाहायला आला. हे मंदानंच मला नंतर सांगितलं. किसनराव सवयीनं सुरू झाले, “लहानपणी चुलीपाशी...”

“फोटोत पाह्यलं हाय ते, मामा,” पोरगा म्हणाला. “पोहे अजून हायेत का?”

लग्नाचे फोटो मीच काढले. मांडवात किसनराव एका पाहुण्याला हाताला धरून माझ्यापाशी घेऊन आले. “पोरीचा फोटो यांच्याकडूनच काढा. पण नव्याच कॅमेऱ्यानं. पायगुण हाय त्याचा.”

महागाचा कॅमेरा किती वर्षं वापरावा, असं लोक मला विचारतात. कंपनी किती क्लिक टिकेल ते मोजून सांगते. माझ्या दुकानात ते किसनराव ठरवतात. हा नवा उद्या जुना झाला तरी मला बदलता येणार नाही.