मे महिन्यातली कन्हार

बादलीभर पाणी खड्ड्यात ओतलं, स्टॉपवॉच दाबलं, आणि पट्टी खाली सोडेपर्यंत खड्डा रिकामा झाला.

"साहेब, हे तर ढोसून राहिलं," रामटेके म्हणाले. रामटेके आमच्या माती-प्रयोगशाळेतले सहायक, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. वडील रेल्वेत आणि आपण मातीत, अशी ते स्वतःची ओळख करून देत. "अजून एक बादली टाकू का?"

"टाका."

तीही गेली. मी फॉर्मवर लिहिलं : झिरपण्याचा वेग अतिशय जास्त.

नव्या राजधानीच्या बांधकामाचे ते दिवस. रायपूरच्या बाहेर, धानाच्या शेतांमधून सहापदरी रस्ते आधी येऊन पडले होते. वाहनं मागाहून यायची होती. अशाच एका रस्त्याच्या कडेला 'सरोवर उद्यान' ठरलं. जागा निवडली उंचावरची, कारण जाणाऱ्या-येणाऱ्या पाहुण्यांना गाडीतून सरोवर दिसलं पाहिजे. पाणी उताराने खाली जातं, ही अडचण आराखड्यात नोंदवलेली नव्हती. उताराच्या तळाशी एका गावाचा जुना तलाव होता. मे महिन्यात जवळजवळ आटलेला, काठाला भेगा पडलेल्या. तो मुरूम टाकून बुजवायचा आणि तिथे पार्किंग करायचं, असा बेत होता. माझं काम एवढंच, की दोन्ही जागांची माती पाणी धरते की नाही ते तपासून सही करायची.

इथे मातीच्या पोताबद्दल थोडं सांगायला हवं. माती म्हणजे वेगवेगळ्या आकाराच्या कणांची मिसळ. वाळूचा कण मेथीदाण्याएवढा मानला, तर पोयट्याचा कण मैद्याएवढा, आणि चिकणमातीचा कण इतका बारीक की उपमेसाठी स्वयंपाकघरात काही उरत नाही. कोण किती प्रमाणात आहे, त्यावर मातीचा पोत ठरतो. इथल्या शेतकऱ्यांनी पोताप्रमाणे मातीला चार नावं दिली आहेत, आणि उतारावरून खाली चालत आलं तर ती ओळीने भेटतात. माथ्यावर भाटा, लाल आणि खडेदार. मग पिवळसर मटासी. मग डोरसा. तळाशी कन्हार, काळी आणि चिकट. पुस्तक सांगतं, भाट्यातून पाणी निसटतं आणि कन्हार ते धरून ठेवते.

आमचा निकाल नेमका उलटा आला. वरच्या भाट्यातल्या खड्ड्यात पाणी तासभर बसून राहिलं. खालच्या कन्हारने दोन बादल्या दोन मिनिटांत संपवल्या. मला ते विचित्र वाटलं. पण आकडा समोर असला की माणूस डोकं वापरायला कंटाळतो.

अधीक्षक अभियंता देशकर साहेबांचा फोन आला. मूळचे अमरावतीकडचे, रायपुरात आयुष्य गेलेलं.

"काय निघालं?"

"वरची धरते साहेब, खालची गळते."

"मंग झालं तर! आवाज काहून असा पडला तुझा? उद्या रिपोर्ट दे. भूमिपूजनाचा दगड कोरून आला."

म्हणजे मातीच्या आधी दगड तयार होता.

आम्ही सामान आवरत असताना तलावाच्या तळातून एक बाई वर आली. पदर कमरेला खोचलेला, पाय पोटऱ्यांपर्यंत काळ्या चिखलाने माखलेले. फुलबाई केवट. सासऱ्याच्या काळापासून या तलावात त्यांचे शिंगाडे. तळाशी उरलेल्या गुडघाभर पाण्यात तिने पुढच्या हंगामाची रोपं जगवून ठेवली होती.

"का करत हव, साहेब?"

रामटेक्यांनी तिला हिंदीत सांगितलं, "देख रहे हैं दीदी, तलाव पानी रोकता है कि नहीं."

तिने खड्ड्यात वाकून पाहिलं, बादलीकडे पाहिलं, आणि हसायलाच लागली. "पियासे मनखे ला एक लोटा पियाके पूछत हव, पेट भरिस का?" तहानलेल्याला एक लोटा पाजून विचारता, पोट भरलं का? मग हसू थांबलं. बुजवण्याच्या बेताची बातमी गावात पोचली होती. "तरिया पाट देहू त मोर सिंघाड़ा कहाँ जाही?"

तलाव बुजवलात तर माझे शिंगाडे कुठे जातील.

जीपमध्ये बसून मी फॉर्म पुन्हा काढला. त्यात एक रकाना होता : माती भिजवण्याचा कालावधी. नियम असा, की चाचणीआधी माती पुरती भिजवायची, मग मोजायचं. मे महिन्यात टँकर कोण देणार? म्हणून आमच्या खात्यात रीतच पडली होती, दोन बादल्या ओतायच्या आणि त्या रकान्यात आडवी रेघ मारायची. मीही रेघ मारली होती. सुंदर, सरळ रेघ.

"आणखी एक सांगू का साहेब?" रामटेके म्हणाले. "वरचा खड्डा आपण भूमिपूजनाच्या मंडपाच्या जागेत खोदला. पाहुण्यांच्या खुर्च्या डुगडुगू नये म्हणून तिथं तीन दिवस रोलर फिरून राहिला होता."

म्हणजे मी वर रोलर तपासला होता आणि खाली भेगा. माती दोन्हीकडे राहूनच गेली होती.

देशकर साहेबांकडे दोन दिवस आणि एक टँकर मागितला.

"तुले मातीनं झपाटलं काय?"

"सही माझी आहे साहेब."

"बरं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मले कागद पाहिजे, पुराण नको."

तलावाच्या कोरड्या काठावर आम्ही खोलीएवढी जागा मातीच्या बांधाने घेरली. रामटेक्यांनी दोन खुंट्या ठोकून जमिनीच्या वर बोटभर अंतरावर दोरी ताणली. सकाळी पाणी सोडलं. भेगा माझा हात मनगटापर्यंत आत जाईल एवढ्या होत्या. पाणी त्यांत घुसलं, आणि आतून बुडबुड्यांचा आवाज यायला लागला. एकाच वेळी शंभर माठ भरताना येईल तसा. तासभर वर काही दिसेना. अर्धा टँकर पोटात गेला.

मग भेगा मिटू लागल्या. सकाळी जिथे हात जात होता तिथे दुपारी बोट जाईना. चारच्या सुमाराला काळ्या जमिनीवर नुसत्या रेघा उरल्या. दुसऱ्या सकाळी येऊन पाहिलं तर रेघाही नव्हत्या. एकसंध जमीन, तिच्यावर स्वच्छ पाणी, आणि पाण्यात आभाळ. जमीन फुगून दोरीला टेकली होती.

चिकणमातीचा कण म्हणजे पापुद्र्यांची चळत असते. पाणी त्या पापुद्र्यांमध्ये शिरतं, त्यांना दूर सारतं, आणि माती फुगून स्वतःची फट स्वतःच बुजवते. हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे गुणही घेतले होते. पण एवढी जमीन कुणी हात न लावता उचलली जाताना कधी पाहिली नव्हती. ओलं, जिवंत काही श्वास घेताना पाहावं तसं वाटलं. मी असल्या वाक्यांचा माणूस नाही, पण दुसरं वाक्य सुचत नाही.

रामटेके चप्पल काढून उभे होते. "चाळण्या हलवण्यात सारी नोकरी गेली साहेब," ते हळूच म्हणाले. "माती आज पाहिली."

दुसऱ्या दिवसभरात पातळी उतरली ती उन्हाने नेली तेवढीच.

वर, रोलर न फिरलेल्या भाट्यात, नवा खड्डा खोदून रीतसर भिजवला. पाणी भराभर दिसेनासं झालं. फुलबाई सोबत आली होती. तिने उताराच्या मध्यावरच्या गावाकडे हात केला. तिथल्या विहिरींना याच भाट्याचं पाणी, असं तिने सांगितलं, जणू हे कुणालाही ठाऊक असतं. वरची माती पाऊस पिते आणि जमिनीखालून विहिरींकडे सोडते. वाहून आलेलं पाणी खालची माती अडवते. मधे गाव. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्याकडे स्टॉपवॉच नव्हतं. त्यांना घाईही नव्हती.

तिसऱ्या दिवशी देशकर साहेबांनी कागद वाचला.

"म्हंजे तुझा पहिला निकाल चूक."

"हो साहेब. चूक माझी."

"लिहून देशीन?"

"दिलंय. दुसऱ्या पानावर."

त्यांनी पान उलटलं, चष्मा काढला. "अन् त्या दगडाचं काय करू?"

"भाट्यावर तो नीट उभा राहील साहेब. कन्हारवर कलला असता."

ते हसले नाहीत, पण त्यांनी लाल पेनाने बुजवायच्या जागांच्या यादीतून तलाव खोडला.

वरचं सरोवर मात्र खोदलं गेलंच. जाहीर झालेली गोष्ट खोडायला लाल पेन पुरत नाही. जुलैअखेर मी दोन्हीकडे गेलो. वर संगमरवर, रेलिंग आणि तळाशी कोरडे लाल खडे. नंतर तिथे प्लास्टिक अंथरलं आणि बोअरचं पाणी भरलं. खाली तलावाचं पाणी घाटाच्या पायऱ्यांना लागलं होतं, आणि फुलबाई छातीभर पाण्यात उभी राहून पायाच्या अंगठ्याने एकेक वेल तळाच्या चिखलात खोचत होती.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी त्या रकान्यात रेघ मारली नाही. मातीला प्रश्न विचारायला हरकत नाही. फक्त ज्या महिन्याचं उत्तर हवं असेल, त्या महिन्याइतकं पाणी बरोबर न्यावं.