मांडवाला टांगलेल्या कुंड्या

कुंडी पडली ती नेमकी कुरडयांवर. उन्हाळ्याचे दिवस, अंगणात बाजेवर पांढरं धोतर पसरलेलं, त्यावर आत्याबाईंनी सकाळीच घातलेल्या कुरडया, आणि वर पत्र्याच्या कडेच्या लोखंडी नळीला मी हौसेनं अडकवलेली चिनी गुलाबाची टांगती कुंडी. प्लॅस्टिकचा आकडा उन्हानं कडक झाला होता. तो मोडला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. मातीचं ढेकूळ कुरडयांवर बसलं तेव्हा मात्र सगळं घर बाहेर आलं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. त्या चिडल्या की ओरडत नाहीत, प्रश्न विचारतात.

"झाडं जमिनीत लावतेत का आभाळात?"

"जमिनीत," मी म्हणाले.

"मग हे वर कावून टांगलंस?"

उत्तर माझ्याजवळ होतं. धारूरचं आमचं घर खडकावर आहे. अंगणात फरशी आणि फरशी काढली तर खाली मुरूम. हिरवं काही हवं असेल तर ते वरच टांगावं लागतं. पण समोर माती कालवलेल्या कुरडया दिसत असताना हे बोलणं शहाणपणाचं नव्हतं. मी बाज आवरली, माती भरली आणि पुढच्या दुकानात गेले.

घराच्या तोंडाशीच आमचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. माझे मालक आणि धाकटे दीर ते चालवतात. कुंपणाला लागणारी जस्ती तार तिथं भेंडोळ्यांनी पडलेली असते. मी एका भेंडोळ्यातून हातभर तार तोडली आणि पक्कड मागितली.

"काय करायलीस?" मालकांनी विचारलं.

"आकडा."

"आकडे बाजारात मिळतेत की."

"मिळतेत त्यातलाच मोडला."

ते हसले आणि पक्कड पुढं केली. मला हातानं वस्तू वळवायला पहिल्यापासून येतं. करंजीची मुरड माझ्यासारखी आमच्या भावकीत कुणाला जमत नाही, हे मी सांगायची गरज नाही, भावकीच सांगते. पण कणीक ऐकते तशी तार ऐकत नाही. पहिला आकडा वाकडा झाला. दुसरा चांगला दिसला, पण कुंडी एका बाजूला कलली आणि पाणी घातलं की सगळं एकाच कडेनं गळू लागलं. तिन्ही तारा एका मापाच्या नसल्या की असं होतं. तिसऱ्या खेपेला मापं जमली. मग दुपारच्या वावटळीत कुंडी हिंदकळली आणि काठाला नुसती अडकवलेली तारांची उघडी टोकं सुटली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की कुंडी टांगायची म्हणजे नुसतं वजन पेलायचं नसतं. ती हलणार, हे धरूनच चालावं लागतं. मग मी कुंडीच्या काठाला तीन भोकं पाडली. तार बाहेरून आत घ्यायची, वर वळवायची आणि तिच्याच अंगाभोवती घट्ट पीळ द्यायचा. टोक शेवटी आत दाबायचं, म्हणजे पाणी घालताना हाताला ओरखडा येत नाही. वरती तिन्ही तारा एकत्र पिळून त्यांची कडी करायची आणि त्या कडीत जाड तारेचा वेगळा आकडा अडकवायचा. आकड्याचं तोंड अर्ध्याच्या पुढं मिटवलेलं पाहिजे. मग वारा कितीही येवो, कुंडी गोल फिरते पण निसटत नाही.

तो आकडा मी नळीला लावला, कुंडी पाण्यानं गच्च भिजवली आणि तिला हातानं जोराचा झोका दिला. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. कुंडी गेली, आली, थांबली. त्या आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मात्र कुरडयांची बाज त्यांनी तिच्याच खाली, होती त्याच जागी टाकली. यापेक्षा मोठी शाबासकी त्यांनी मला आजपर्यंत दिलेली नाही.

मग मला नादच लागला. सगळे आकडे एकसारखे व्हावेत म्हणून जेवणाच्या एका जुन्या पाटावर खिळे ठोकून साचा केला. तार खिळ्यांभोवती फिरवली की दर वेळी तोच बाक, तेच माप. माझी धाकटी जाऊ आधी नुसती बघत बसायची, मग तीही पक्कड घेऊन बसली. ती तेलगावकडच्या शेतकऱ्याची लेक, हाताला बळ दांडगं. पीळ ती देणार आणि टोकं मी मिटवणार, असं आमचं आपोआप ठरून गेलं.

एकदा बीडला जाताना मी पिशवीत थोडे आकडे टाकले आणि पालीजवळच्या रोपवाटिकेत उतरले. ती पहिली कुंडी मी तिथूनच आणली होती. रोपवाटिकेचा मालक पन्नाशीचा, बोलायला तुटक. मी आकडे पुढं ठेवले तर तो म्हणाला, "बाई, कुंडीसोबत आकडा फुकट येतो. हे कोण घेणार?"

"तुमची सगळ्यात जड कुंडी कोणती?" मी विचारलं.

त्यानं कोपऱ्यातली फर्नची कुंडी दाखवली. मी तिचा प्लॅस्टिकचा आकडा काढला, आपल्या तारा ओवल्या, ती हिरव्या जाळीखालच्या आडव्या बांबूला टांगली आणि म्हटलं, "आता पाणी घाला आणि झोका द्या. माझ्यासमोर द्या."

त्यानं झोका दिला. मग आणखी जोरात दिला. मग कडी बोटानं चाचपून बघितली, पिळाच्या टोकावरून अंगठा फिरवला.

"टोक लागत न्हाई हाताला," तो म्हणाला.

"लागू नये असंच केलंय."

तेव्हापासून त्याच्या टांगत्या कुंड्यांना आमचे आकडे जाऊ लागले. आणि त्याच्यामुळंच पुढं तेलगावचं लग्न आमच्याकडं आलं.

तेलगावचे एक माजी सरपंच, ऊस-कापसाचे मोठे बागायतदार, त्यांच्या मुलीचं लग्न होतं. मुलगी शेतकी शिकलेली. मांडवात प्लॅस्टिकची फुलं नकोत, जिवंत झाडं टांगायची, असा तिनं हट्टच धरला होता. रोपवाटिकेवाल्यानं पिटुनियाच्या कुंड्या द्यायचं कबूल केलं आणि टांगायचं काम माझ्यावर सोपवलं. पण सरपंचांना धास्ती होती. ते स्वतः गाडी घेऊन धारूरला आमच्या दुकानात आले.

"ताई, मला एवढंच सांगा," ते म्हणाले, "खाली पंगत बसणार. पाव्हण्याच्या डोक्यात कुंडी पडली म्हंजी? लोक अक्षता इसरतील, पण हे सात पिढ्या सांगतील."

मी जाऊला पाण्यानं भरलेली घागर आणायला सांगितली. दुकानाच्या आढ्याला एक आकडा लावला आणि घागर त्याला टांगली. "आता तुम्ही ओढा," मी म्हटलं.

त्यांनी एका हातानं ओढलं. मग दोन्ही हातांनी ओढलं. घागरीतलं पाणी हिंदकळून त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं. आमचे मालक धावत टॉवेल घेऊन आले, पण सरपंच सदरा झटकून हसत होते. "लई पक्कं हाय," ते म्हणाले. "लावा बिनधास्त."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच आम्ही टेम्पोनं तेलगावला गेलो: मी, जाऊ आणि आमचे मालक. कापूस वेचून झालेल्या मोकळ्या रानात मांडव उभा होता. रोपवाटिकेवाला कुंड्या उतरवून सावलीत मांडत होता. मी शिडीवर चढले, पहिला आकडा मांडवाच्या पाइपला लावायला गेले, तर तो बसेना. मांडववाल्यानं फोनवर सांगितला होता त्यापेक्षा पाइप चांगलाच जाड होता. आमच्या आकड्यांची तोंडं त्यावर चढतच नव्हती.

"बारके पाइप दुसऱ्या लग्नाला गेलेत," मांडववाला म्हणाला. "तुमी तोंडं फाकवून घ्या की."

"फाकवलेलं तोंड मग उघडत जातं," मी म्हणाले. "ते मी करणार नाही."

मालक मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "अजून वेळ हाय. न्हाई जमत म्हणून सांगून टाकू. लोकाच्या लग्नात खेळ नको."

मला त्यांचा राग आला नाही. त्यांची भीती खरी होती. पण माझ्या हातात तार होती, पक्कड होती आणि अख्खा दिवस होता. जमणार नाही असं मला एकदाही वाटलं नाही. कसं जमेल तेवढंच शोधायचं होतं. मी शिडीच्या खालच्या पायरीवर बसून पाइपाकडं बघत राहिले. जाऊ शेजारी उभी होती. मी तिला विचारलं, "तुमच्याकडं गुरांचं दावं आडव्या बांबूला कसं अडकवतात गं?"

"दुमडून वरून टाकतेत आन् त्येच्याच फाशातून वढून घेतेत. गुरानं जितकं वढलं तितकं आवळत जातं." एवढं बोलून तिनं माझ्याकडं बघितलं, आणि आम्ही दोघी एकदमच उठलो.

सोबत मऊ तारेचं भेंडोळं होतं. ती दुहेरी घेऊन आम्ही लांबट बंद कड्या करायला लागलो. कडी पाइपवरून टाकायची, तिचं एक टोक दुसऱ्या टोकातून ओवून खाली खेचायचं, आणि लोंबणाऱ्या टोकात आपला आकडा अडकवायचा. आकड्याला हात लावायची गरजच नव्हती. कुंडीचं वजन आलं की कडी पाइपला आणखी घट्ट धरायची आणि मांडवाच्या उताराला सरकायचीही नाही. पहिली कुंडी लागली तेव्हा मी मालकांना म्हटलं, "लोंबकळून बघा." त्यांनी सरपंचांसारखंच दोन्ही हातांनी ओढून बघितलं आणि दुसरी शिडी घेऊन आले. दिवस मावळायच्या आत सगळ्या कुंड्या वर होत्या. जांभळी, गुलाबी, पांढरी फुलं खाली झुकलेली. नवरी मुलगी हळदीच्या अंगानं घरातून बघायला आली आणि माझ्या हातावरचे तारेचे वळ बघून म्हणाली, "मावशी, मेंदी तर तुमच्याच हातावर जास्त चढली."

लग्नात मला नवरा-नवरी काही दिसली नाहीत. सगळे खाली अक्षता टाकत होते आणि मी वर बघत होते. दुपारी वारा सुटला. झालरी फडफडल्या, एका बाजूचा कनातीचा पडदा आडवा झाला. कुंड्या आपापल्या जागी गोल फिरल्या आणि थांबल्या. पंगतीवर काही पाकळ्या तेवढ्या गळल्या. माझ्या समोरच्या आजोबांनी भातावरची पाकळी उचलून कानावर ठेवली आणि जेवत राहिले.

खरी गंमत जेवणं उठल्यावर झाली. मी हात धुऊन आले तर एक पाव्हणी खुर्चीवर चढून कुंडी काढत होती. पलीकडं दुसरी. तिसऱ्या ठिकाणी दोघी मिळून. रोपवाटिकेवाला ओरडत धावला, "अहो बाई, ते न्यायचं न्हाई! कुंड्या परत जायच्यात!"

"आहेर समजून नेतो की," त्यातली एक शांतपणे म्हणाली.

तो तणतणत सरपंचांकडं गेला. सरपंचांनी मुलीकडं बघितलं. ती हसून म्हणाली, "नेऊ द्या ना आप्पा. झाडंच हायेत, घरोघरी जगतील." सरपंचांनी मान डोलावली आणि रोपवाटिकेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला हिशेबासाठी आत नेलं. मग काय, मोकळं रान! ज्याच्या हाताला जी कुंडी लागली ती त्यानं धरली.

माझ्याजवळ एक म्हातारी आली, अंगावर नवं इरकली लुगडं. "बाई, हे कसं निघतं गं? सगळ्यांनी काढलं, माझंच निघंना." तिनं चुकीची तार ओढून कडी आणखी आवळली होती. मी कमरेची पक्कड काढली, खुर्चीवर चढले आणि तिला कुंडी आकड्यासकट, कडीसकट सोडवून दिली. घरी कशी टांगायची तेही सांगितलं. सबंध मांडव डोळ्यांदेखत रिकामा होत होता आणि मला मनापासून आनंद होत होता. नुसतं झाड कुणी नेत नव्हतं. प्रत्येक जण माझी तार सोबत नेत होता.

त्या लग्नानंतर आकडे करता करता आम्हाला दम घ्यायला वेळ राहिला नाही. कुणी माजलगावहून, कुणी वडवणीहून दुकानात यायचं आणि "तेलगावच्या लग्नातला आकडा" मागायचं. मालकांनी दर्शनी बाजूची कुलपं-कड्यांची फळी मोकळी करून दिली. आत्याबाई पूजा आटोपून दुकानात येऊन बसतात आणि गिऱ्हाइकाला आमच्याआधी सांगतात, "पाणी घालून झोका दिऊन बगा. पडलं तर मला इचारा."

परवा एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. खांदा निखळल्यापासून त्यांचा उजवा हात वर जात नाही. टांगत्या कुंड्यांची आवड, पण पाणी घालायला रोज शेजारणीला हाक मारावी लागायची आणि त्याची त्यांना लाज वाटायची. आम्ही दोघी जावा त्यांच्या घरी गेलो. छताच्या कडीला दुकानातलं छोटं चाक लावलं, त्यावरून नायलॉनची दोरी घेतली, एका टोकाला कुंडी आणि दुसरं टोक भिंतीवर कमरेच्या उंचीला वळवलेल्या दुहेरी आकड्याला गुंडाळलं. त्या आकड्याचा बाक मी दोनदा मोडून पुन्हा केला, कारण दोरी एका हातानं सुटली पाहिजे आणि एका हातानं बसली पाहिजे.

बाईंनी डाव्या हातानं दोरी सोडली. कुंडी सावकाश खाली आली, त्यांच्या छातीशी थांबली. त्यांनी दोरीचा एक वेढा आकड्याला दिला, तांब्यानं पाणी घातलं, पिवळं पडलेलं पान खुडलं, आणि दोरी ओढून कुंडी पुन्हा वर नेली. मग खाली घेतली. पुन्हा वर नेली. आमच्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

"बाई, झाड भोवंडंल," जाऊ म्हणाली.

"भोवंडू दे," बाई म्हणाल्या, आणि दोरी पुन्हा सोडली.