सावधान आणि होशियार

शुगर लँडमध्ये त्या काळी पायी चालणारा एकच माणूस होता, आणि तो चालायचा म्हणजे संचलनच करायचा. आमच्या शेजारच्या शुभाचे वडील. ह्यूस्टनच्या त्या उपनगरात कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकायलाही लोक गाडी काढत. उन्हाळ्यात बाहेर पडलं की कोणीतरी तोंडावर ओला टॉवेल धरल्यासारखं वाटे. अशा हवेत हे गृहस्थ सकाळी सहाला कडक इस्त्रीची खाकी हाफपँट, गुडघ्यापर्यंत मोजे आणि काखेत छडी अशा थाटात निघत. ते साताऱ्याकडचे, लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पहिल्याच आठवड्यात पोलिसांची गाडी त्यांच्याशेजारी थांबली. आतल्या पोलिसानं अदबीनं विचारलं, "सर, आपण हरवलात का?" सुभेदारसाहेबांनी त्याला खाली उतरायला लावलं, शर्टाचं सुटलेलं बटण छडीनं दाखवलं आणि ते लावून होईपर्यंत वाट पाहिली. पुढे तो पोलीस त्यांना लांबून पाहिलं की आधी आपली बटणं तपासायचा.

त्यांचा कुणावर राग नसे, वाकडेपणावर असे. शुभाच्या गराजमधले बूट मापाप्रमाणे उंची चढत उभे असत. मंडळाच्या गणपतीला, शाळेच्या कॅफेटेरियात, जेवणाची रांग मसालेभाताशी नेहमी फुटायची. त्या वर्षी सुभेदारसाहेब खुर्चीवर उभे राहिले आणि त्यांनी असा काही आवाज दिला की दीडशे डॉक्टर-इंजिनियर हातात थाळ्या घेऊन एका ओळीत आले. एका काकूंनी तर थाळी छातीशी आडवी धरली, बंदुकीसारखी. इथे जन्मलेली, मराठीला इंग्रजीतून उत्तर देणारी पोरं मात्र त्यांच्यामागे वेडी झाली. "आजोबा, कॅन वी डू लेफ्ट-राइट अगेन?" म्हणून दर रविवारी ती त्यांच्या अंगणात जमत. शुभा कपाळाला हात लावायची. "बाबा, इथे असं कोणी करत नाही हो." यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "म्हणूनच हवंय."

माझी आणि त्यांची गट्टी जमली ती माझ्या पडत्या काळात. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं, तेलाचे भाव कोसळले होते, आणि आमच्या कंपनीनं एका शुक्रवारी आमचा अख्खा मजला घरी पाठवला. मी पायजम्यात बसून राहू लागलो. आठव्या दिवशी सकाळी दार वाजलं. "इंजिनियर, मान आठ दिवस रजेवर आहे तुमची. बूट घाला." मी घातले. त्यानंतर चार महिने मी त्यांच्या डावीकडून, पावलात पाऊल मिळवत चाललो, आणि चालता चालता त्यांची आफ्रिका ऐकली.

निवृत्तीआधी दोन वर्षं ते तिथे होते. कुठल्या देशात, ते त्यांनी मला सांगितलं होतं. पण तिथलं बरंच काही अजून शमलेलं नाही, म्हणून मी नाव लिहीत नाही. वर्षानुवर्षांचं यादवी युद्ध नुकतंच थांबलं होतं. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या पोरांना एका गणवेशात घालून नवं सैन्य उभं करायचं होतं, आणि ते शिकवायला आपल्या देशानं आठ उस्ताद पाठवले. हे कळताच पाकिस्ताननं दहा पाठवले. त्या बिचाऱ्या सरकारला कुणालाच नाही म्हणवेना. त्यानं एकच मैदान मधोमध चुन्याची रेघ मारून दोघांना वाटून दिलं. मग काय! आपल्या उस्तादांनी दगड पांढरे रंगवले, तर त्यांनी झाडं रंगवली. त्यांनी बँड आणला, तर आपल्यांनी बँड आणि बागकामवाला. इकडची पोरं 'सावधान' म्हटल्यावर ताठ व्हायची, तिकडची 'होशियार' म्हटल्यावर. आणि वारा फिरला की दोन्हीकडची एकदमच. "अर्धा देश आम्ही उभा केला," सुभेदारसाहेब म्हणायचे, "आणि अर्धा त्या झेलमवाल्यानं बिघडवला."

हा झेलमवाला म्हणजे पलीकडचा मुख्य उस्ताद. दोन वर्षांत दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. पण त्याच्या मिशा, त्याची शिट्टी, त्याची चाल यांबद्दल सुभेदारसाहेब रोज नवं काही सांगत. "माणूस म्हणून वाईट नसेल," ते एकदा म्हणाले, "पण टाच उशिरा पडायची."

एका शनिवारी मी त्यांना ह्यूस्टनमधल्या वाण्याकडे घेऊन गेलो. दुकान गुजराथी काकांचं, पण गिऱ्हाईक आपल्या बाजूचं आणि त्या बाजूचं, दोन्ही. डाळींच्या फळीपाशी सुभेदारसाहेब एकाएकी थबकले. समोर एक उंच म्हातारा पाठमोरा उभा राहून मसुरीची पिशवी न्याहाळत होता. सुभेदारसाहेब कुजबुजले, "ही पाठ मी ओळखतो." आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी पोटातून आवाज काढला, "साव-धान!"

पिशवी खाली पडली. म्हातारा न वळताच गरजला, "होशियार!" हातात दुधीभोपळा घेतलेली एक बाई खरोखरच ताठ उभी राहिली. मग तो वळला. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण होत्या. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मला वाटलं, आता इथे युद्ध होतं. झेलमवाला म्हणाला, "आपकी कंपनी का अंगूठा हमेशा बाहर रहता था." सुभेदारसाहेब म्हणाले, "और आपकी एडी." त्यानंतर त्यांनी एकमेकांना मिठी मारली ती सुटेना.

दुकानामागे चहाची दोन टेबलं होती. झेलमवाल्याच्या मुलाचा टॅक्सीचा धंदा होता, आणि तो त्याच्याकडेच राहायला आला होता. पहिला अर्धा तास चुना, बँड आणि बागकामवाल्यात गेला. मग सुभेदारसाहेबांनी हसत हसत विचारलं, "आता कसं आहे आपलं सैन्य?"

झेलमवाल्यानं कप खाली ठेवला. "तुम्हाला कळलं नाही? आपण परतलो आणि वर्षभरात पुन्हा पेटलं. सैन्य फुटलं. बरोबर चुन्याच्या रेघेवर फुटलं. तुमची कंपनी एका बाजूला, माझी दुसऱ्या."

"मग?" सुभेदारसाहेबांच्या तोंडून निघून गेलं, "कोण जिंकलं?" आणि विचारल्याबरोबर त्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं.

"कुणी नाही. दोघांनाही शिकवलेलं तेच होतं ना." मग तो म्हणाला, "जिवंत असलेला एकच मला माहीत आहे. मोझेस."

मोझेस! तो सुभेदारसाहेबांच्या कंपनीतला. जो पाय पुढे तोच हात पुढे टाकणारा, दोन्ही देशांच्या लष्करी विद्येला पुरून उरलेला पोरगा. तिसऱ्या महिन्यात तो नाहीसा झाला आणि त्याच्यावरून मोठं प्रकरण झालं होतं. पाकिस्ताननं आमचा जवान पळवला, अशी लेखी तक्रार खुद्द सुभेदारसाहेबांनी केली होती. तुमच्याकडेच लपवलाय, असं उलट उत्तर झेलमवाल्यानं दिलं होतं.

"तो आमच्याकडे आला होता," झेलमवाला आता सांगू लागला, "भटारखान्याच्या मागच्या दारानं. आई एकटी आहे, म्हणाला. मी त्याला रोट्या बांधून दिल्या आणि सरहद्दीची वाट दाखवली. मग बसून तुमच्या विरुद्ध रिपोर्ट लिहिला. माफ करा. तो आता तिकडे सायकली दुरुस्त करतो. ख्रिश्चन आहे, पण दर ईदला मला पत्र टाकतो."

सुभेदारसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "मी त्याला बघितलं होतं. भर दुपार होती, सगळे सावलीला पडले होते. मैदान ओलांडून चालला होता वेडा, त्या तसल्या चालीनं. शिट्टी माझ्या ओठांत होती, साहेब. नाही वाजवली. सबंध नोकरीत कामात कसूर केली ती तेवढी एकदा. आजवर कुणाला सांगितलं नाही."

त्यावर झेलमवाला हसायला लागला आणि सुभेदारसाहेबही. आणि हसता हसता दोघांनी एकदमच डोळ्यांना रुमाल लावले. मी चहा आणायच्या निमित्तानं उठलो.

त्यानंतर रविवारची लेफ्ट-राइट बंद पडली नाही, पण पोरं चुकली तर ते ओरडेनासे झाले. एक चिमुरडी सरसकट उलटा पाय टाकायची, तिला तर ते मुद्दाम सगळ्यांच्या पुढे उभं करायचे. मोझेसला पत्र लिहायला मी बसलो, कारण इंग्रजी माझं बरं. सुभेदारसाहेबांनी सांगावं आणि मी लिहावं, असं तीन सकाळी चाललं, आणि तीनही कागद त्यांनी फाडले. शेवटी एवढंच गेलं: तू बरा आहेस हे कळलं. फार बरं वाटलं. तुझा उस्ताद.

उत्तर यायला दोन महिने लागले. तोवर मला शिकागोजवळ शॉमबर्गला नोकरी मिळाली होती आणि घरात खोकी भरून पडली होती. खोक्यांवर बसूनच मी ते वाचून दाखवलं. दुकान ठीक चाललंय, आई गेली, बायको तिकडचीच, दोन मुली झाल्या, त्यांची ही नावं. सुभेदारसाहेब डोळे मिटून ऐकत होते. वाचून संपल्यावर म्हणाले, "इंजिनियर, पोरींची नावं परत वाचा." मी वाचली. त्यांनी ती दोनदा पुटपुटली आणि पत्राची घडी खिशात ठेवली.

पुढच्या वर्षी ते साताऱ्याला परतले आणि तिकडेच वारले. ती नावं मला आता कितीही ताण दिला तरी आठवत नाहीत. शेवटच्या आजारात ते माणसं विसरायला लागले होते, शुभा सांगते. तिलासुद्धा एकदा नाव विचारलं. त्या दोन पोरींची मात्र धडाधड सांगायचे.